नियंत्रित समाजाची कथा लिहिताना: एक नियम, एक विळी, पाव किलो कांदा

डिस्टोपियन कथा, म्हणजे जाचक नियमांखाली जगणाऱ्या कल्पित समाजाची कथा, बहुतेक वेळा पहिल्याच निर्णयात फसते. ‘सरकारने सगळ्या भावनांवर बंदी घातली’ असं ठरवलं की सगळी पात्रं दगड होतात आणि पुढे कुणाकडूनच काही घडत नाही. म्हणून एकच भावना निवडा आणि तिच्यावर एका वाक्यात मावणारा एकच नियम लावा. समजा, तेराव्यानंतर गेलेल्या माणसासाठी रडायचं नाही.

नियमामागे पटेल असं कारण हवं. १८९७च्या प्लेगमध्ये ब्रिटिश अधिकारी रँडच्या समितीने पुण्यात घरोघरी सोल्जर पाठवून झडत्या घेतल्या, आजाऱ्यांना इस्पितळात आणि नातेवाइकांना छावणीत हलवलं. साथ खरी होती, ती रोखणं गरजेचंही होतं, आणि तरी बूट देवघरापर्यंत आले. कथेतला कायदाही असाच काळजीच्या सुरात बोलू द्या. अधिकारी खलनायकासारखा ओरडू लागला की वाचक निर्धास्त होतो.

खरा वेळ अंमलबजावणीवर घालवा. नजर कोण ठेवतं, मोजतं कशाने? कॅमेरे आणि ड्रोन आता कुणाला घाबरवत नाहीत. सदाशिव पेठेतल्या वाड्यात चौदाव्या दिवशी एक बाई विळीवर कांदा चिरायला बसते, कारण कांद्याने आलेलं पाणी कायद्यात बसतं. मग सरकार कांद्याचंच रेशन करणार: माणशी आठवड्याला पाव किलो. मंडईतला गाळेवाला कार्डावर शिक्का मारता मारता एवढंच विचारतो, “काकू, या आठवड्यात दुसऱ्यांदा?” या एका प्रश्नात जी भीती आहे, ती पानभर वर्णनाने येत नाही.

लिहायला बसण्यापूर्वी नियमाचे निदान तीन परिणाम कागदावर काढा. उदाहरणार्थ, रोज कांद्याची फोडणी पडणाऱ्या घराकडे शेजारी बघू लागतात. मृत्यू आषाढी एकादशीनंतर झाला, तर चातुर्मास पाळणाऱ्या घरात कांदाच नसतो, म्हणजे आडोसाही नाही. हा दुसरा परिणाम जास्त धारदार आहे. कथा त्यावर उभी करा.

नावं साधी ठेवा. ‘महाभावनियंत्रण मंडळ’ वाचून कुणी दचकत नाही. क्षेत्रीय कार्यालयात मिळणारा ‘शोकपूर्ती दाखला’ मात्र खरा वाटतो, कारण तसल्या रांगेत आपण सगळे उभे राहिलेलो असतो.

तीन हजार शब्दांच्या कथेत नियम पहिल्या दोनशे शब्दांत, तोही कृतीतूनच कळावा. शेवटी क्रांती घडवू नका. बाई विळी आडवी करून ठेवते, दार उघडं टाकते आणि कांद्याशिवाय रडते, तिथे थांबा. जिन्यावर पावलं वाजवलीत तर वाचकाचं लक्ष तिच्यावरून उडून पोलिसांकडे जातं.

पहिला खर्डा झाला की ‘दुःख’, ‘भीती’, ‘स्वातंत्र्य’ हे शब्द कुठे कुठे आलेत ते शोधा. दोनदा चालतील, तिसऱ्यांदा आला की तो खोडून तिथे हात काय करतात ते लिहा.