ई-मेल पाठवताना या चुका टाळा

ई-मेल लिहिताना बहुतेकांचे सारे लक्ष मजकुरावर असते आणि वरच्या पत्त्यांच्या रकान्यांकडे कोणी धडपणे पाहत नाही. मोठे घोटाळे मात्र त्या रकान्यांतच होतात. शुद्धलेखनाची चूक वाचणारा पोटात घालतो, पण भलत्याच माणसाकडे गेलेला मजकूर परत आणता येत नाही.

सगळे पत्ते एकत्र 'टू'मध्ये भरणे ही त्यातली सर्वांत महागात पडणारी चूक. ओळखीच्या एका गृहनिर्माण संस्थेने इमारतीच्या रंगकामासाठी तीन ठेकेदारांकडून दरपत्रके मागवली. तीन वेगळे मेल लिहायला पाच मिनिटे जास्त लागली असती, पण काम लवकर उरकावे म्हणून सेक्रेटरींनी तिघांचेही पत्ते एकाच मेलमध्ये ओळीने टाकले. आपल्याबरोबर आणखी कोणाला विचारणा झाली आहे, हे तिघांनाही त्याच क्षणी कळले. पुढे आलेली दरपत्रके ताडून पाहण्यासाठी कमिटीने मला बोलावले, तेव्हा तिन्ही कागदांवरचा चौरस फुटाचा दर जवळपास सारखा होता, पुट्टीचे पैसे वेगळे लावण्याची अट तिन्हींत होती, आणि 'वॉटरप्रुफिंग' हा शब्दही तिन्हींत एकाच चुकीच्या पद्धतीने लिहिलेला होता. कमिटीला सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागली आणि रंगकाम पावसाळ्यापलीकडे गेले.

अशा वेळी 'बीसीसी' म्हणजे इतरांना न दिसणारा पत्त्यांचा रकाना वापरा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अर्धवट वाटतो. सभेची सूचना सर्व सभासदांना पाठवायची असेल तर 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता आणि बाकीचे 'बीसीसी'त, हे योग्यच आहे; त्यामुळे कोणाचा पत्ता इतरांना दिसत नाही आणि कोणी 'रिप्लाय ऑल' केले तरी उत्तर साऱ्या सभासदांकडे जात नाही. परंतु दरपत्रक, तक्रार, पगार किंवा एखाद्याची वैयक्तिक बाब असेल तर प्रत्येकाला नावाने स्वतंत्र मेल लिहावा. ज्याच्याकडून आपल्याला काम हवे आहे, त्याला 'आदरणीय' किंवा 'श्री.' लिहून नावानिशी संबोधणे ही साधी रीत आहे आणि ती पाच मिनिटे वाचवण्यासाठी मोडू नये.

दुसरी चूक म्हणजे पत्ता आधी भरणे. पहिली दोन अक्षरे टाइप करताच प्रोग्राम जुने पत्ते सुचवतो, घाईत एंटर दाबला जातो, आणि 'कुलकर्णी' नावाच्या सहकाऱ्याऐवजी त्याच आडनावाच्या ग्राहकाकडे हिशेब जातो. माझी सवय अशी, की आधी फाइल जोडायची, मग मजकूर लिहायचा, मग विषय, आणि पत्ता सर्वांत शेवटी. पत्त्याविना मेल जाऊच शकत नाही, त्यामुळे अर्धवट मजकूर चुकून सुटत नाही आणि 'सोबत जोडले आहे' असे लिहून फाइल विसरण्याची नामुष्कीही टळते. जीमेलमधील 'अनडू सेंड'वर विसंबणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की ती सोय गेलेला मेल परत बोलावत नाही. तो फक्त काही सेकंद रोखून धरते. सेटिंगमध्ये 5, 10, 20 किंवा 30 सेकंद निवडता येतात. नवीन खाते उघडल्याबरोबर ते 30 करून ठेवावे.

मेल पुढे धाडताना खालची सगळी जुनी चर्चा शेवटपर्यंत वाचावी. 'या पार्टीला थोडे ताणून धरू' हे वाक्य त्याच पार्टीला पोचल्याचे मी पाहिले आहे. नको तो भाग कापता येत नसेल तर नवा मेल लिहावा.

विषयाची जागा रिकामी सोडू नये, आणि तिथे नुसते 'अर्जंट'ही लिहू नये. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये असेल तर पीडीएफ करूनच पाठवावा, नाहीतर समोरच्याला निरर्थक चिन्हे दिसतात. जीमेलवर 25 एमबीपेक्षा मोठी फाइल ड्राइव्हच्या लिंकने जाते. ती समोरच्याला उघडण्याची परवानगी दिली आहे का, हे आधी तपासावे. आधारची प्रत मागितली तर शेवटचे चारच अंक दिसणारे 'मास्क्ड आधार' चालेल का, ते विचारावे. पासवर्ड लावलेली फाइल आणि तिचा पासवर्ड एकाच मेलमध्ये पाठवण्याला मी सुरक्षितता मानत नाही. पासवर्ड फोनवर सांगावा.

'आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरा' असा मेल ओळखीच्या नावाने आला, तर त्याला उत्तर देऊन खात्री करू नये, कारण ते उत्तर फसवणाऱ्याकडेच जाऊ शकते. मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावरही फोन करू नये. आपल्याकडे आधीपासून असलेला क्रमांक लावून त्या माणसाशी बोलावे आणि मगच पैसे पाठवावेत. पैसे गेलेच असतील, तर बँकेला कळवून त्याच घटकेला 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी ती रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.