सिरियलायझेशनची लायब्ररी सापडत नसेल तर शोध कसा घ्यावा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बसून जावात लिहिलेले डिलिव्हरी चलनाचे सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या लॅपटॉपवर विनातक्रार चालते आणि तेच रबाळे एमआयडीसीतील कारखान्याच्या सर्व्हरवर बसवले की पहिल्याच चलनाचे जेसन (डेटा मजकुरात लिहिण्याची ठरावीक पद्धत) तयार करताना बंद पडते, हा प्रकार या व्यवसायातील बहुतेकांच्या ओळखीचा आहे. प्रोग्राममधील डेटाचे असे जेसन किंवा एक्सएमएल बनवणे म्हणजे सिरियलायझेशन, आणि ते करणारी लायब्ररीच इथे सापडत नसते. लॅपटॉपवर एडिटर स्वतःच मेव्हनच्या (लायब्ररी आणून पॅकेज बांधणाऱ्या साधनाच्या) साठ्यातून सगळ्या जार फायली, म्हणजे जावा लायब्ररींची पॅकेजे, उचलून क्लासपाथवर (जावा जिथे क्लास शोधते त्या जागांच्या यादीत) ठेवतो. सर्व्हरवर मात्र आपण जेवढे नेऊन ठेवले तेवढेच असते. म्हणून अशा वेळी कोडला हात लावण्याआधी तीन गोष्टी निश्चित कराव्यात: लायब्ररी कोणती प्रोसेस शोधत आहे, कुठे शोधत आहे आणि तिला कोणती आवृत्ती हवी आहे.

पहिली पायरी म्हणजे एररचा संपूर्ण मजकूर शेवटपर्यंत वाचणे. जावाच्या स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे एररसोबत छापल्या जाणाऱ्या कॉल्सच्या यादीत, वरची ओळ बहुधा फ्रेमवर्कची असते आणि खरे कारण खाली, ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणाऱ्या शेवटच्या ओळीत दडलेले असते. तिथे ‘क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन’ असेल, तर कोणीतरी चालू प्रोग्राममध्ये क्लासचे नाव देऊन तो मागितला आणि तो क्लासपाथवर मिळाला नाही. ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’ असेल, तर कंपाइल करताना हजर असलेला क्लास चालवताना गैरहजर आहे. मात्र त्याच ओळीत ‘कुड नॉट इनिशियलाइझ क्लास’ असे शब्द असतील, तर क्लास सापडलेला असून त्याची सुरुवातीची मांडणी आधीच फसलेली असते, तेव्हा लॉगमध्ये आणखी मागे जाऊन पहिली एरर शोधावी. ‘नो सच मेथड एरर’ दिसल्यास लायब्ररी आहे, पण आवृत्ती चुकीची आहे. या तिन्ही एररवर एकच उपाय करत बसल्याने बराच वेळ वाया जातो.

दुसरी पायरी म्हणजे बिल्डने प्रत्यक्षात काय बांधले ते पाहणे. मेव्हनच्या ‘डिपेंडन्सी ट्री’ या आदेशाने कोणती लायब्ररी कोणामार्फत आली हे झाडासारखे उलगडते. जेसनसाठी जॅक्सन ही लायब्ररी वापरत असाल, तर कोअर, डेटाबाइंड आणि ॲनोटेशन्स हे तिन्ही भाग तिथे असले पाहिजेत आणि त्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. डेटाबाइंड नवे आणि दुसऱ्या एखाद्या लायब्ररीने आणलेले कोअर जुने, अशी जोडी जमली की मेथड न सापडण्याची एरर हमखास येते. हे टाळण्यासाठी प्रत्येक भागाची आवृत्ती स्वतंत्रपणे न लिहिता जॅक्सनचा बॉम, म्हणजे एकमेकींशी जुळणाऱ्या आवृत्त्यांची तयार यादी, वापरावा. डिपेंडन्सी ट्रीमध्येच स्कोपही (लायब्ररी कोणत्या टप्प्यावर लागते ते) तपासावा, कारण ‘टेस्ट’ किंवा ‘प्रोव्हायडेड’ असा स्कोप दिलेली लायब्ररी कंपाइलच्या किंवा चाचणीच्या वेळी दिसते, पण अंतिम पॅकेजमध्ये येत नाही. त्यानंतर सर्व्हरवरची जार फाइलच उघडून तिच्यातील फायलींची यादी काढावी. साधा जार प्लगइन इतर लायब्ररी आत भरत नाही. त्यासाठी शेड प्लगइन लागतो किंवा ‘लिब’ फोल्डर सोबत द्यावा लागतो. तरीही उलगडा झाला नाही, तर जावा ‘व्हर्बोज क्लास’ पर्यायाने चालवावी, म्हणजे प्रत्येक क्लास नेमक्या कोणत्या फाइलीतून उचलला गेला ते ओळीने छापले जाते. हा पर्याय फार थोडे लोक वापरतात, पण एकाच लायब्ररीच्या दोन प्रती क्लासपाथवर असतील, तर त्या पकडण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला ठाऊक नाही.

जुने सॉफ्टवेअर जावा ८ वरून पुढे नेताना एक्सएमएलसाठीचे जॅक्सबी (JAXB) नाहीसे होते, याकडे विशेष लक्ष द्यावे. २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ ने हा भाग काढून टाकण्याच्या यादीत टाकला आणि २०१८ च्या जावा ११ मध्ये तो खरोखरच काढला गेला. त्यामुळे तो आता स्वतंत्र डिपेंडन्सी म्हणून जोडावा लागतो, आणि तोही दोन भागांत: एपीआय (कोड ज्यांना हाक मारतो ती नावे) आणि तिला प्रत्यक्ष चालवणारा रनटाइम. केवळ एपीआय जोडल्यास कंपाइल सुरळीत होते आणि चालवताना इम्प्लिमेंटेशन सापडत नसल्याची तक्रार येते. शिवाय कोडमध्ये ‘जावाएक्स’ने सुरू होणारी जुनी नावे असतील, तर जॅक्सबीची २.३ मालिकाच घ्यावी, ३.० पासून ती नावे ‘जकार्ता’ने सुरू होतात आणि जुन्या कोडला ती उपयोगाची नाहीत.

तारखांच्या बाबतीत वेगळीच अडचण येते. चलनाच्या ऑब्जेक्टमध्ये ‘लोकल डेट’ प्रकारची तारीख असेल, तर जॅक्सन २ हजर असूनही हा प्रकार आपल्याला हाताळता येत नाही असे सांगते. इथे जेएसआर ३१० नावाचे मॉड्यूल जोडून ते ऑब्जेक्ट मॅपरमध्ये (जॅक्सनच्या रूपांतर करणाऱ्या क्लासमध्ये) नोंदवावे लागते. नुसती जार ठेवून भागत नाही.

पायथॉनमध्ये मुख्य प्रश्न इंटरप्रिटरचा, म्हणजे प्रोग्राम कोणत्या पायथॉनवर चालतो याचा, असतो. पिप (पॅकेज बसवणारे साधन) एका पायथॉनचा आणि प्रोग्राम दुसऱ्या पायथॉनवर, असे होऊ नये म्हणून ज्या पायथॉनने प्रोग्राम चालतो त्याच्याच ‘एम’ पर्यायातून पिप चालवावा. यामल फायली वाचणाऱ्या लायब्ररीचे इम्पोर्टचे नाव ‘यामल’ असले तरी पॅकेजचे नाव ‘पाययामल’ (PyYAML) आहे, हेही ध्यानात ठेवावे. आपल्याच फोल्डरमध्ये जेसन नावाची पायथॉन फाइल नाही ना, तेही पाहावे, कारण ती मूळ मॉड्यूलला झाकून टाकते. डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये न्यूटनसॉफ्ट या जेसन लायब्ररीची फाइल जागेवर असूनही मॅनिफेस्ट (फाइलीची ओळख आणि आवृत्ती सांगणारी नोंद) जुळत नसल्याचा संदेश आला, तर प्रश्न आवृत्तीचा असतो आणि कॉन्फिग फाइलमधील बाइंडिंग रीडायरेक्ट (एका आवृत्तीची मागणी दुसरीकडे वळवणारी नोंद) दुरुस्त केल्याने तो सुटतो.

कारखान्याच्या सर्व्हरला इंटरनेट नसेल, तर अनोळखी संकेतस्थळावरून जार उतरवून पेनड्राइव्हने नेऊ नये. सिरियलायझेशनची लायब्ररी बाहेरून आलेला डेटा वाचत असते आणि तिच्यात केलेली छेडछाड थेट ग्राहकाच्या नोंदींपर्यंत पोहोचते. अधिकृत भांडारातून घेतलेल्या फायलींसह पूर्ण पॅकेज ऑफिसमध्येच बांधावे, मेव्हनचा साठा नसलेल्या कोऱ्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम इतरांपासून वेगळा चालवण्याच्या बंदिस्त जागेत) ग्राहकाकडे आहे तीच जावा आवृत्ती ठेवून ते चालवावे, आणि एका चलनाचे जेसन बनवून ते परत वाचता येते याची खात्री झाल्यावरच रबाळ्याला पाठवावे.