पीएच.डी.च्या वाटेवरची चालढकल : नागपुरातील नव्या संशोधकांसाठी

परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याची तारीख दुसऱ्या कोणीतरी ठरवलेली असते. वेळापत्रक लागते, हॉल तिकीट हाती येते आणि मनाची तयारी असो वा नसो, ठरलेल्या दिवशी पेपर लिहावाच लागतो. पीएच.डी.ची नोंदणी होऊन कोर्सवर्क संपले की ही बाहेरची शिस्त एकदम नाहीशी होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे प्रबंधासाठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात, पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात आणि महिला संशोधकांना त्याहून दोन वर्षांची अधिक सवलत आहे. ही मुदत संशोधकाच्या सोयीसाठी आहे आणि ती असायलाच हवी. मात्र इतक्या लांबच्या तारखेचा आजच्या सकाळवर काहीही परिणाम होत नाही, हे नोंदणी करताना कोणी सांगत नाही. महाविद्यालयात शिकवत असतानाच मी नागपुरातील गिरणी कामगारांच्या वस्त्यांच्या इतिहासावर प्रबंध लिहिला आणि आता नव्याने नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांबरोबर नियमित बसते. त्या अनुभवातून या एकाच अडचणीबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले, कारण बुद्धी, विषय आणि साधने असूनही प्रबंध अडतो तो बहुतेक वेळा येथेच.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते आणि ‘इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असे म्हटले जाते. घरातली मोठी माणसे त्या यादीत मुलांचा आळसही घालतात. परंतु संशोधकाची चालढकल म्हणजे आळस नव्हे, हे प्रथम समजून घ्यायला हवे. मी पाहिलेले जवळजवळ सर्व अडलेले संशोधक दिवसभर कामात असतात. ते संदर्भसूची नीट करतात, आणखी एक लेख उतरवून घेतात, तक्त्यांच्या रेघा सरळ करतात, संगणकावरील फोल्डरांची नावे बदलतात, महाविद्यालयाच्या नॅकच्या, म्हणजे गुणवत्ता मूल्यांकनाच्या, फायली पूर्ण करतात आणि घरी आल्यावर विजेचे बिलही वेळेआधी भरतात. ज्या प्रकरणाची खरी गरज आहे, त्या प्रकरणाचे पहिले पान तेवढे कोरे राहते. माणूस रिकामा बसत नसल्यामुळे चालढकल चालू आहे, हे त्याला स्वतःलाही दिसत नाही आणि घरच्यांनाही दिसत नाही.

असे का होते, याचे मला पटलेले स्पष्टीकरण कॅनडातील मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल आणि त्यांच्या सहकारी फ्युशिया सिरॉइस यांनी २०१३ मध्ये मांडले. त्यांच्या मते चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नसून त्या क्षणीच्या भावनेचा प्रश्न आहे. काम समोर आले की अस्वस्थता, भीती किंवा कंटाळा दाटून येतो. काम बाजूला सारले की ती भावना तत्काळ ओसरते आणि या तात्पुरत्या सुटकेचीच मनाला सवय लागते. प्रबंधाच्या बाबतीत हे मला पूर्णपणे खरे वाटते. ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हे शीर्षक टाकून कोऱ्या पानासमोर बसले की आपल्याला किती थोडे ठाऊक आहे याची जाणीव होते, मार्गदर्शक काय म्हणतील याची धास्ती वाटते आणि हात आपोआप सोप्या कामाकडे वळतो. म्हणून नवी डायरी, नवे वेळापत्रक किंवा नवे ॲप घेऊन ही सवय जात नाही. ती साधने वाईट नाहीत, पण ती वेळेची व्यवस्था लावतात आणि येथे अडचण वेळेची नसतेच.

एक भेद मात्र येथेच करून ठेवते. पुराभिलेखागारातील कागद पाहण्याची परवानगी आलेली नाही, मुलाखत देणारे ज्येष्ठ गृहस्थ आजारी आहेत किंवा मार्गदर्शकांकडे दिलेले प्रकरण परत आलेले नाही, तर ते थांबणे आहे, चालढकल नाही. त्या काळात स्वतःला दोष देत बसू नये. प्रत्येक थांबलेल्या कामापुढे आपण नेमकी कशाची वाट पाहत आहोत, हे एका ओळीत लिहून पाहावे. ती ओळ लिहिता आली, तर आपण थांबलेले आहोत. ती लिहिता येत नसेल, तर आपण ते काम टाळत आहोत.

टाळलेल्या कामाचे पहिले औषध म्हणजे त्याचे स्वरूप बदलणे. ‘तिसरे प्रकरण लिहिणे’ हे करण्याजोगे कामच नाही, ते अनेक महिन्यांच्या कामाचे नाव आहे. त्याऐवजी ‘१९२० च्या दशकातील घरभाड्याच्या तीन नोंदी एका परिच्छेदात मांडणे’ असे लिहिले, तर खुर्चीत बसल्यावर पहिल्या मिनिटाला काय करायचे ते ठाऊक असते. माझ्या विद्यार्थ्यांना मी आदल्या रात्री झोपण्यापूर्वी असे एकच वाक्य लिहून ठेवायला सांगते आणि त्या वाक्यात हाताने करण्याजोगी क्रिया असावी असा आग्रह धरते. ‘विचार करणे’, ‘पाहणे’ किंवा ‘सुरुवात करणे’ अशी क्रियापदे आली की ते वाक्य मी परत करते, कारण अशा शब्दांखाली दिवस सहज निघून जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा आणि वेळ आधी बांधून ठेवणे. पीटर गॉलविट्झर आणि फेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात जर्मनीतील विद्यार्थ्यांना नाताळची पूर्वसंध्या कशी गेली, याचा अहवाल पुढच्या ४८ तासांत लिहून पाठवायला सांगितले होते. हा अहवाल आपण नेमका केव्हा आणि कुठे बसून लिहू, हे ज्यांनी आधीच ठरवले होते, त्यांच्यापैकी, तसे न ठरवणाऱ्या गटाच्या तुलनेत, कितीतरी अधिक जणांनी तो वेळेत पाठवला. इच्छा दोन्ही गटांची होती. फरक पडला तो प्रसंग आणि कृती आधी जोडून ठेवल्यामुळे. ‘सकाळी लिहीन’ असे न ठरवता ‘चहाचा कप ठेवला की पुढच्या खोलीतील टेबलापाशी बसून कालचा परिच्छेद मोठ्याने वाचेन’ असे ठरवावे. मोठ्याने वाचलेला परिच्छेद पुढचे वाक्य स्वतःच मागतो, हा माझा कायमचा अनुभव आहे.

नागपुरात राहणाऱ्याने ही वेळ ठरवताना ऋतूचा विचार केलाच पाहिजे. पुण्या-मुंबईकडच्या सल्ल्यांमध्ये तो नसतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी कूलरसमोर बसूनही डोके चालत नाही आणि वीज गेली की तेवढाही आधार राहत नाही. अशा दुपारी स्वतंत्र लेखनाचा संकल्प केला, तर तो मोडणार हे ठरलेलेच आहे, आणि मोडलेला प्रत्येक संकल्प पुढच्या चालढकलीला बळ देतो. उन्हाळ्यात लेखन पहाटेपासून नऊपर्यंतच ठेवावे आणि दुपारी तळटीपा तपासणे, मुलाखती उतरवून काढणे, छायाचित्रांना क्रमांक देणे अशी हलकी कामे घ्यावीत. ऊन्ह तापण्यापूर्वी ग्रंथालयात पोहोचून संध्याकाळी परतण्याचा बेतही चांगला असतो, आणि मेट्रोमुळे खापरीकडून किंवा लोकमान्यनगरकडून सीताबर्डीपर्यंत येणे आता पूर्वीइतके जिवावर येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्या शहरातले लेखनाचे खरे महिने आहेत. त्या काळात इतर जबाबदाऱ्या शक्य तितक्या कमी घ्याव्यात, कारण मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, पेपर तपासणी आणि लग्नसराई एकदमच येतात.

पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची पद्धत पुष्कळांना माहीत आहे. मोडी किंवा जुन्या इंग्रजी हस्ताक्षरातील कागद वाचताना पंचवीस मिनिटे अपुरी पडतात, असे माझे मत आहे. मात्र ज्या दिवशी बसवतच नाही, त्या दिवशी तिचा फार उपयोग होतो, कारण पंचवीस मिनिटांची कोणाला भीती वाटत नाही. त्या वेळात मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९९१ च्या एका लेखात स्वतःचाच अनुभव दिला आहे. ते वर्षभर भारतात राहत असताना त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ भेटीला आले आणि सामान जास्त झाल्यामुळे कपड्यांचा एक खोका मागे ठेवून गेले. तो अमेरिकेला पाठवण्यात एक संपूर्ण दिवस जाईल, असा अकरलॉफ यांचा अंदाज होता. आठ महिन्यांहून अधिक काळ ते रोज सकाळी उठून उद्या खोका पाठवू असे ठरवत राहिले. पुढे २००१ मध्ये या दोघांनाही अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, म्हणजे प्रश्न बुद्धीचा नव्हता. अकरलॉफ यांनी दाखवले ते असे की आजचा त्रास आपल्याला उद्याच्या त्रासापेक्षा मोठा दिसतो आणि एका दिवसाच्या विलंबाने होणारे नुकसान अगदी किरकोळ असते, त्यामुळे रोजचा निर्णय वेगळा पाहिला तर शहाणपणाचाच वाटतो. प्रबंधाची वर्षे अशीच जातात. कोणत्याही एका मंगळवारी न लिहिल्याने काहीच बिघडत नाही.

यावर एकट्याने करण्याजोगा उपाय मला सापडलेला नाही. एका दिवसाच्या विलंबाची किंमत आपल्याला दिसत नसेल, तर ती दुसऱ्या माणसाला दिसेल अशी व्यवस्था करावी लागते. नियमाप्रमाणे प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते, पण सहा महिन्यांचे अंतर फार मोठे आहे आणि प्रगती अहवाल शेवटच्या आठवड्यातही लिहिता येतो. म्हणून आपल्यासारखाच एक संशोधक सोबती शोधावा. विषय वेगळा असला तरी चालेल, माझ्या मते तर वेगळा असलेलाच बरा, कारण मग तुलना होत नाही. दर शनिवारी विद्यापीठाच्या परिसरात किंवा अंबाझरीच्या बाजूला भेटून त्या आठवड्यात लिहिलेली पाने एकमेकांच्या हातात द्यावीत. ‘किती झाले?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘चालू आहे ना’ हे उत्तर तयार असते. पाने द्यावीत, अर्धी असली तरी द्यावीत, चुकांसह द्यावीत. मार्गदर्शकांच्या बाबतीतही हेच. प्रकरण पूर्ण झाल्याशिवाय सरांना किंवा मॅडमना तोंड दाखवायचे नाही, असे ठरवून महिनोन्महिने विभागाकडे न फिरकणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि जितके दिवस जातील तितके जाणे अवघड होत जाते. ‘मॅडम, हे कच्चे आहे, पण दिशा बरोबर आहे का तेवढे पाहून घ्या’ असे म्हणून पाच पाने नेण्यात कमीपणा नाही. मार्गदर्शकांना पाच कच्ची पाने तपासणे शंभर पक्क्या पानांपेक्षा सोपे जाते, हे आता त्या बाजूला बसल्यावर मी खात्रीने सांगू शकते.

घरातल्या आणि कार्यालयातल्या लहानसहान कामांचे काय करावे, असा प्रश्न विशेषतः संसार सांभाळणाऱ्या मैत्रिणी विचारतात. दोन मिनिटांचे काम लगेच करून टाकावे, हा प्रचलित सल्ला रोजच्या व्यवहारात उपयोगी असला तरी लेखनाच्या वेळेत मी तो पाळू देत नाही. बँकेचा अर्ज, गॅसची नोंदणी, मुलांच्या शाळेचे निरोप यांना अंतच नाही, आणि अवघड काम टाळणाऱ्या मनाला लपण्यासाठी याहून चांगली जागा मिळत नाही. शेजारी एक वही ठेवून आठवलेले काम त्यात उतरवावे आणि आठवड्यातील एक ठरावीक संध्याकाळ त्या वहीला द्यावी. घरच्या माणसांना लेखनाची वेळ स्पष्ट सांगावी. न सांगता त्यांनी समजून घ्यावे, ही अपेक्षा रास्त नाही.

कितीही व्यवस्था केली तरी काही आठवडे हातून निसटतात. घरात आजारपण येते, दिवाळी येते किंवा काहीच कारण नसते. अशा वेळी स्वतःला कठोर शब्द सुनावण्याने पुढचे काम सुधारते, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. कॅनडातील कार्लटन विद्यापीठातील संशोधकांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र उलटे आढळले. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले होते, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. कारण सरळ आहे. अपराधीपणा हीदेखील एक नकोशी भावना असल्याने ती ज्या कामाला चिकटते, ते काम मन आणखी टाळते. निसटलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दुप्पट पानांचे लक्ष्यही ठेवू नये. नेहमीचे एक वाक्य, नेहमीची जागा, एवढ्यावरच परत यावे.

मात्र झोप उडालेली आहे, जेवण जात नाही, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नाही किंवा लहानपणापासून कोणत्याच कामावर लक्ष टिकत नाही, असे असेल तर ती निव्वळ चालढकल आहे असे मानू नये. नैराश्य किंवा लक्ष न टिकण्याचा विकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. तेथे मराठीत बोलता येते.

शेवटच्या टप्प्यासाठी एक वेगळी सूचना. प्रबंध जवळजवळ पूर्ण झाला की अजून एक संदर्भ, अजून एक वाचन, या नावाखाली चालढकल पुन्हा सुरू होते, आणि आता तिला नेटकेपणाचे रूप मिळालेले असल्याने ती ओळखणे अधिक कठीण जाते. या वेळी क्रम उलटा करावा. निष्कर्षाचे प्रकरण हातात घेण्यापूर्वीच मार्गदर्शकांशी बोलून प्री-सबमिशन सादरीकरणाचा, म्हणजे प्रबंध दाखल करण्यापूर्वीच्या सादरीकरणाचा, महिना पक्का करावा, वाङ्मयचौर्य तपासणीसाठी आणि बांधणीसाठी स्वतंत्र आठवडे सोडावेत, आणि उरलेल्या दिवसांतच निष्कर्ष लिहावा. इतरांच्या लेखनाशी असलेले साम्य दहा टक्क्यांच्या आत असावे लागते, म्हणून तपासणीनंतर दुरुस्तीला हात मोकळा राहील इतकी सवड त्यात हवीच.