नाक चोंदलं, कानाला दडे बसले, घसा धरला: घरी काय करावं

पुण्यात पावसाची भुरभुर लागली की घरोघरी कुणीतरी शिंकत असतं. बहुतेक वेळा कारण विषाणूच. साधारण 7 ते 10 दिवसांत सर्दी आपली आपण जाते. खोकला मात्र तीन आठवडेही रेंगाळतो. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून मेडिकलमधून ‘मागच्या वेळचीच’ अँटिबायोटिक आणू नका. विषाणूवर ती चालत नाही आणि नुसत्या रंगावरून काही ठरतही नाही.

सुरुवात नाकापासून करा. नाकाच्या मागून कानाकडे बारीक नळी जाते. तिचं तोंड सुजलं की दडे बसतात. मागून घशात उतरणारा शेंबूड घसा खवखवत ठेवतो. नाक सुटलं की निम्मं काम झालं.

नेतीसाठी, म्हणजे तोटीच्या भांड्याने मिठाचं पाणी सोडून नाक धुण्यासाठी, पाणी उकळून कोमट होऊ द्या. फिल्टरचं असलं तरी उकळाच. कपभर पाण्यात पाव चमचा मीठ घाला. बेसिनवर वाका, मान एका बाजूला कलती करा, श्वास तोंडानेच घ्या आणि भांड्याची तोटी वरच्या नाकपुडीला लावा. पाणी खालच्या नाकपुडीतून गळेल. झणझणलं तर मिठाचं प्रमाण चुकलंय. मग एकेक नाकपुडी हलकेच शिंकरा. जोर लावलात तर घाण कानाकडे ढकलली जाते. कान ठणकत असेल तर नेती नको.

नाक मोकळं करणारे थेंब रात्रीच्या झोपेपुरते ठीक, तेही तीन-पाच दिवस. पुढे चालू ठेवले तर उलट त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं.

कानात गरम तेल नको, आजी कितीही रागावली तरी. पाणी गिळा, जांभई द्या, काहीतरी चघळा. लोणावळ्याहून खोपोलीकडे घाट उतरताना दडे वाढतात, तेव्हाही हेच.

घशाला मिठाच्या कोमट गुळण्या. चमचाभर मधाने खोकल्याला आराम पडतो, पण वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही. लहान मुलांना पातेल्यावर वाफ देऊ नका, भाजण्याचे प्रकार होतात. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल पुरतं. सर्दीच्या तयार गोळीतही बहुतेकदा तेच असतं, म्हणून पाकीट वाचूनच दुसरी गोळी घ्या. मुलांना ॲस्पिरिन नको.

धाप लागली, थुंकीही गिळवेना, डोळ्याभोवती किंवा कानामागे सूज आली, कानातून पू आला, तर थांबू नका. बरं वाटत असताना ताप पुन्हा चढला तरी दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर ‘दडेच असतील’ म्हणून दिवस घालवू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. उपचाराला उशीर झाला तर ऐकू येणं परत मिळण्याची शक्यता घटते.

फ्लूची गोष्ट निराळी. 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यातच घेतला. एकदम सणकून ताप आणि अंग मोडून आलं, आणि माणूस गरोदर, वयस्कर किंवा दम्याचा असेल, तर पहिल्या 48 तासांत डॉक्टर गाठा. फ्लूवरचं औषध तेव्हाच सर्वांत चांगलं लागू पडतं.