गॉसिप सुरू करण्यापूर्वी करावयाची तयारी

क्लस्टरमधील, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या संगणकांच्या गटातील, प्रत्येक नोडने (संगणकाने) ठरावीक अंतराने एक-दोन सोबती यादृच्छिकपणे निवडावेत, आपल्याजवळची माहिती त्यांना सांगावी आणि त्यांच्याजवळची ऐकून घ्यावी, एवढीच गॉसिप प्रोटोकॉलची मूळ कल्पना आहे. अ‍ॅलन डेमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात डेटाबेसच्या अनेक प्रती एकसारख्या ठेवण्यासाठी ती मांडली, तेव्हा त्यांनी साथीचे रोग कसे पसरतात याचे गणित आधाराला घेतले होते. माहिती अशी कर्णोपकर्णी होते तेव्हा मध्यवर्ती सर्व्हरची गरज उरत नाही. मात्र चुकीची माहितीही त्याच वेगाने जाते आणि ती मागे घेण्यासाठी कोणतेही एक ठिकाण नसते. त्यामुळे पहिला मेसेज सुटण्याआधी तपासायच्या बहुतेक गोष्टी, नोडने कोणती माहिती नाकारायची, या एकाच निर्णयाशी येऊन मिळतात.

सर्वप्रथम गॉसिपमधून काय पाठवायचे याची मर्यादा लिहून काढावी. कोण हजर आहे, कोणाचा पत्ता काय, कोणत्या नोडकडे डेटाचा कोणता भाग आहे, कोणावर किती भार आहे, अशी छोटी आणि सावकाश बदलणारी माहिती या मार्गाला योग्य आहे. प्रत्येक नोंदीचा मालक एकच नोड असावा आणि ती बदलण्याचा अधिकार फक्त त्यालाच असावा. इतरांनी ती जशीच्या तशी पुढे द्यावी. एकाच नोंदीत दोन नोड लिहिणार असतील, तर त्यांच्यातला वाद गॉसिप सोडवणार नाही, तो सर्व नोडपर्यंत पोहोचवील.

यानंतर व्हर्जनचा, म्हणजे नोंदीची कोणती आवृत्ती नवी याचा, प्रश्न येतो आणि माझ्या मते येथे घालवलेला वेळ सर्वाधिक उपयोगी पडतो. दोन नोंदींपैकी नवी कोणती हे यंत्राच्या घड्याळावरून ठरवण्याचा मोह होतो, परंतु दोन यंत्रांची घड्याळे पूर्णपणे जुळलेली असतील यावर विसंबता येत नाही, म्हणून मालक नोडने दर बदलाला वाढणारा एक अंक ठेवावा. नोड बंद पडून पुन्हा सुरू झाला की हा अंक शून्यावर येतो आणि सोबती त्याचे नवे बोलणे जुने समजून टाकून देतात. हे टळावे म्हणून अपाचे कॅसँड्रा हा अनेक नोडवर चालणारा डेटाबेस व्हर्जनच्या जोडीला जनरेशन नावाचा दुसरा अंक ठेवतो, जो नोड प्रत्येक वेळी सुरू होताना वाढतो आणि तुलनेत आधी पाहिला जातो. हा अंक सुरू होण्याच्या वेळेवरून घेतला जात असल्याने घड्याळ चुकून फार पुढे गेलेला एखादा नोड भलताच मोठा आकडा सांगू शकतो, आणि तो स्वीकारला गेला तर त्यानंतरच्या खऱ्या बातम्या बराच काळ जुन्या ठरतील. कॅसँड्रा एक वर्षापेक्षा अधिक पुढचा जनरेशन नाकारतो. आपल्या रचनेतही अशी कमाल सीमा आहे का, हे पाहून घ्यावे. नोड लागोपाठ दोनदा बंद करून सुरू केल्यावर इतर सर्व नोड त्याची ताजी नोंद घेतात, हे प्रत्यक्ष करून पाहावे.

काढून टाकलेल्या नोंदींचा विचार वेगळा करावा, कारण नोंद नुसती पुसली तर ज्या सोबत्याकडे ती अजून आहे तो ती पुन्हा आणून देतो. 1987 च्या मांडणीतच यासाठी मृत्युदाखल्याची कल्पना होती: नोंद पुसण्याऐवजी ती रद्द झाल्याची नवी नोंद पसरवायची. हा दाखला कायम ठेवता येत नाही आणि लवकर टाकताही येत नाही. क्लस्टर सोडून गेलेल्या नोडची नोंद कॅसँड्रा गॉसिपमध्ये साधारण 3 दिवस ठेवतो. आपली मुदत जी असेल तिच्याहून जास्त काळ बाहेर राहिलेल्या नोडला जुन्या माहितीसह परत घेऊ नये. त्याची साठवलेली स्थिती पुसून त्याला नवा नोड म्हणूनच सामील करावे, आणि हा नियम माणसाच्या लक्षात राहण्यावर न सोपवता प्रोग्राममध्येच घालावा.

मेसेजच्या शुद्धतेसाठी चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला आणि बिघाड ओळखू देणारा पडताळणीचा अंक, हवाच. 20 जुलै 2008 रोजी अ‍ॅमेझॉनची एस3 ही डेटा साठवण्याची सेवा कित्येक तास बंद पडली, तेव्हा कंपनीने दिलेले कारण असे होते की, सर्व्हर एकमेकांना देत असलेल्या स्थितीच्या काही मेसेजमध्ये एकेक बिट बिघडला होता. मेसेज वाचता येत होते, पण त्यातील माहिती चुकीची होती. ग्राहकांच्या डेटासाठी एमडी-5 या प्रकारचे चेकसम वापरले जात होते, या अंतर्गत माहितीसाठी मात्र नव्हते. शेवटी सर्व्हरमधील संवाद पूर्ण थांबवून, साठलेली स्थिती पुसून, सर्व काही पुन्हा सुरू करावे लागले. म्हणून चेकसमबरोबरच गॉसिप सर्वत्र थांबवण्याची, स्थिती रिकामी करण्याची आणि टप्प्याटप्प्याने सुरू करण्याची कृती लिहून ठेवावी व तिचा सराव चाचणी क्लस्टरवर करावा. चाचणी क्लस्टरचे नाव आणि गुप्त किल्ली मूळ क्लस्टरपेक्षा वेगळी असावी, म्हणजे चुकीच्या पत्त्यावर गेलेला नोड दारातच अडेल.

आता थोडा हिशेब. प्रत्येक जाणकार नोड दर फेरीत एकालाच सांगत असेल, तर बातमी सर्वांपर्यंत जायला सुमारे लॉग2 एन अधिक नैसर्गिक लॉग एन इतक्या फेऱ्या लागतात (एन म्हणजे नोडची संख्या). 1,000 नोडसाठी त्या साधारण 17 होतात आणि 10,000 साठी सुमारे 23. यातल्या शेवटच्या फेऱ्या मोजक्या उरलेल्या नोडना शोधण्यात जातात, कारण नुसते सांगत राहिल्यास उरलेल्यांचे प्रमाण दर फेरीत ई (सुमारे 2.72) पटीनेच घटते, तर उरलेल्यांनी स्वतः विचारल्यास त्या प्रमाणाचा वर्ग होतो, म्हणजे शंभरात एक उरला असेल तर पुढच्या फेरीनंतर दहा हजारांत एक. यासाठी झटपट मेसेजच्या जोडीला संपूर्ण स्थितीची दुतर्फा देवाणघेवाण ठेवावी. हॅशिकॉर्प कंपनीच्या मेंबरलिस्ट या गॉसिप लायब्ररीच्या लॅनसाठीच्या (स्थानिक नेटवर्कसाठीच्या) मूळ मांडणीत पहिले काम दर 200 मिलिसेकंदांनी आणि दुसरे दर 30 सेकंदांनी होते. यूडीपी या झटपट पण पोहोच न देणाऱ्या मार्गाचे एक पाकीट सुमारे 1,400 बाइटच्या आत ठेवायचे असल्याने एका नोंदीचे आकारमानही मोजून घ्यावे.

नोड मेला असे जाहीर करण्याची घाई नसावी. 2002 मधील स्विम या गॉसिपवर आधारित प्रोटोकॉलमध्ये थेट पिंगला (जिवंत आहेस का, या विचारणेला) उत्तर आले नाही तर आणखी काही सोबत्यांकरवी विचारणा होते, मग तो नोड काही काळ संशयित मानला जातो, आणि तेवढ्यात आपला अंक वाढवून तो संशय खोडून काढू शकतो. मेमरीच्या साफसफाईत काही सेकंद अडकणाऱ्या प्रोग्रामसाठी ही सवलत अत्यावश्यक आहे. याहून धोकादायक परिस्थिती नेटवर्क दुभंगल्यावर येते: दोन्ही बाजूंनी एकमेकांना मृत ठरवून यादीतून काढले, तर तारा जुळल्यानंतरही कोणी कोणाला हाक मारत नाही आणि दोन क्लस्टर कायमचे वेगळे राहतात. म्हणून न पोहोचणाऱ्या सोबत्यांना आणि सीड नोडना (सामील होताना ज्यांचे पत्ते आधीच दिलेले असतात त्या नोडना) अधूनमधून पुन्हा विचारण्याची सोय असावी, आणि फायरवॉलने मुद्दाम दुभंग घडवून, यादीतून नाव निघण्याच्या मुदतीपेक्षा जास्त थांबून, तो आपोआप मिटतो हे पडताळावे.

पोर्ट (संगणकावरील जोडणीचे क्रमांकित दार) दोन्ही दिशांनी उघडे असल्याची खात्री करून घ्यावी. मेंबरलिस्टला 7946 हा पोर्ट टीसीपी (पोहोच देणारा मार्ग) आणि यूडीपी दोन्हींसाठी लागतो, आणि रेडिस या डेटाबेसच्या क्लस्टरचा अंतर्गत पोर्ट ग्राहकांच्या पोर्टमध्ये 10,000 मिळवून ठरतो. नोड इतरांना जो पत्ता सांगतो तो बाहेरून खरोखर पोहोचण्याजोगा असावा. शेवटी, प्रत्येक नोडने आपल्याला माहीत असलेल्या सर्व नोंदी क्रमाने लावून त्यांचा हॅश (सर्व मजकुरावरून काढलेला ठसा) दर मिनिटाला नोंदवावा, पण नोड जिवंत असल्याचे दाखवणारा, दर क्षणी बदलणारा हृदयस्पंदनाचा अंक त्यातून वगळावा. बदल थांबून हिशेबातल्या फेऱ्या उलटून गेल्यावरही एखाद्या नोडचा हॅश वेगळा राहत असेल, तर त्या नोडची नोंदवही (लॉग) उघडून पाहावी.