इनुइट कुत्रा टिकवायचाय? मग आधी जुंपा त्याला

किम्मिक म्हणजे कॅनडातल्या इनुइट लोकांचा स्लेज ओढणारा कुत्रा. २००० साली नुनावुतने (कॅनडाच्या उत्तरेकडचा इनुइट प्रदेश) त्याला आपला अधिकृत प्राणी केलं, पण नुसत्या मानपानाने जात टिकत नाही हो. ५०-६० च्या दशकात लोक वस्त्यांमध्ये आले, पोलिसांनी मोकळे फिरणारे कुत्रे गोळ्या घालून मारले, रोगांच्या साथी आल्या, वर स्नोमोबिल (बर्फावर चालणारी मोटरगाडी) आली, आणि ७० च्या दशकापर्यंत मोजकेच कुत्रे उरले.

तर पहिलं म्हणजे दिसण्यावर जोड्या लावू नका. रंग कुठलाही चालतो. निदान दोन हिवाळे टीममध्ये पळवून बघा, मग ठरवा: पंजे फाटतात का, दमल्यावरही दोरी ताणलेली ठेवतो का, आणि संध्याकाळी समोर टाकलेलं खातो का (थकून खाणं सोडणारा कुत्रा तिथे काय कामाचा!). वेगासाठी रेसिंगच्या हस्कीशी क्रॉस तर अजिबात नको, अंगावरची दाट लोकर पुढच्या पिढीत पातळ होते. वस्ती लहान असते, सगळी पिल्लं एकाच नराची व्हायला लागली की लांबच्या गावातून नर आणा.

जुंपायचं पंख्यासारखं, प्रत्येकाला वेगळी दोरी, लांबी कमीजास्त. समुद्रावरच्या बर्फात हेच बरं, वजन पसरतं आणि उंचसखल बर्फात ज्याची त्याची वाट तो शोधतो. फक्त कुत्रे सारखे जागा बदलतात, त्यामुळे तासा-दोन तासात सगळ्या दोऱ्यांची वेणी होते, मग थांबायचं, हातमोजे काढायचे आणि उणे ३० मध्ये उघड्या बोटांनी एकेक दोरी सोडवत बसायचं, तोवर मागचे दोघं भांडायला लागलेले असतातच. पिल्लांना आधी टीमसोबत मोकळं पळू द्या, मग हार्नेस.

खायला सील किंवा वॉलरस, चरबीसकट. कोरडं खाद्य असेल तर वरून चरबी घाला. लसीत कंजूषी नको: रेबीज आर्क्टिक कोल्ह्यांकडून येतो, डिस्टेंपर आणि पार्वो हे रोग टीमच्या टीम संपवतात.

आता खर्चाचं. नुनावुतमध्ये बाहेरून येणाऱ्या हौशी शिकाऱ्याला ध्रुवीय अस्वलाच्या शिकारीला कुत्र्यांच्या स्लेजवरूनच जावं लागतं, त्यातून टीमवाल्याला पैसे मिळतात. नुनाविकमध्ये (क्वेबेकच्या उत्तरेचा इनुइट भाग) इवाक्काक ही कुत्र्यांच्या स्लेजची शर्यत आहे, तिथे फक्त शुद्ध इनुइट कुत्रे चालतात, म्हणून तरुण पोरं परत टीम बांधायला लागली. शर्यत नसेल तेव्हा सीलच्या शिकारीला न्या, बर्फाखालचं सीलचं श्वासाचं भोक वासावरून हुडकणं स्नोमोबिलला कुठे जमतंय.