आयत्या बिळात दोन नागोबा? साप एकत्र ठेवताना या चुका टाळा

"भावा, फोटो बघ. गळ्यात गळा घालून झोपल्यात दोघं!" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पोराचा मेसेज. काचेची एक पेटी, त्यात दोन बॉल पायथन (अजगराची एक लहान परदेशी जात), आणि एकाच आडोशात दोघांची गुंडाळी. मी विचारलं, पेटीत ऊब देणारी जागा किती? एक. लपायला आडोसे किती? एकच. मग प्रेम कुठलं रे बाबा, दोघांनाही तीच एक खोली हवी आहे!

सगळ्यात मोठी चूक हीच, सापाच्या शांतपणाला सुख समजणं. कुत्रा गुरगुरतो, मांजर फिस्कारतं. साप मात्र मुकाट्यानं बाजूला सरकतो. दांडगा हीट मॅटवरची, म्हणजे पेटीखालच्या विजेच्या गरम चटईवरची जागा धरतो, दुसरा गार कोपऱ्यात पडून राहतो. सापाला स्वतःची ऊब नसते, त्यामुळे गार कोपऱ्यात पडलेल्याचं खाल्लेलं पचत नाही, मग तो खाणंच सोडतो. मी माझी पहिली जोडी आणली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "एकत्रच ठेवा, शोभून दिसतात." मीही ठेवली. धाकटा किती गरीब स्वभावाचा, असं चार महिने घरात कौतुक चाललं. एक दिवस स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला तर ऐंशी ग्रॅमनी उतरलेला. तो गरीब नव्हता, उपाशी होता.

खाण्याच्या वेळी तर खरा धोका. एकच उंदीर दोघांनी दोन टोकांनी धरला तर माघार कुणी घेत नाही. सापाचे दात आत वळलेले असतात, धरलेलं सहज सुटत नाही. गिळता गिळता तोंडाला तोंड भिडतं आणि एक दुसऱ्यालाच गिळायला लागतो. यात दोघंही मरू शकतात. "मी वेगवेगळ्या डब्यांत खायला घालतो की," असं बरेच जण सांगतात. चांगलं आहे, पण परत एकत्र सोडल्यावर उंदराचा वास अंगाला असतोच, आणि साप बराचसा वासावर चालतो. किंगस्नेकबद्दल तर चर्चाच नको. दुसरे साप हे त्याचं निसर्गातलं खाणंच आहे, त्यात स्वतःच्या जातीचासुद्धा आला.

दोन वेगळ्या जाती एका पेटीत ठेवणं म्हणजे दोघांचीही गैरसोय. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. त्याला उबदार बाजू ३१ ते ३३ अंश लागते आणि हवेत ओलावा बऱ्यापैकी. कॉर्न स्नेक अमेरिकेतला. त्याला २९-३० अंश पुरतात, पण तळ कोरडा हवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पेटी कोरडी ठेवणं हेच आधी एक काम होऊन बसतं. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते तिथं पेटीचं काय! पायथनला मानवेल असा ओलावा ठेवला की कॉर्न स्नेकच्या पोटाकडचे खवले तांबूस होऊन कुजायला लागतात.

नवा साप आणला की "थेट जुन्यासोबत सोड" हेही नको. किमान तीन महिने दुसऱ्या खोलीत, वेगळं भांडं, वेगळा चिमटा. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके तरंगताना दिसले तर ते गोचिडासारखे बारीक माइट असतात. एका सापावरून दुसऱ्यावर जायला त्यांना वेळ लागत नाही. याहून वाईट रोगही आहेत. बोआच्या (अजगरासारखाच एक परदेशी साप) अंगात एक विषाणू दीर्घकाळ गपगार राहतो आणि तोच पायथनला लागला तर तो पायथन झपाट्यानं संपतो.

नर-मादीचा अंदाज दुकानात बहुतेकदा चुकतो. कॉर्न स्नेकची मादी एका खेपेला दहा ते तीस अंडी घालते आणि नराचं बीज पोटात साठवूनही ठेवते. नंतर वेगळी केली तरी अंडी येऊ शकतात. बॉल पायथनसारख्या जातींची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, पिल्लं झाली तर त्यांचीही. आणि नाग, धामण, मांडूळ असा कुठलाही देशी साप पाळायचा विचारही करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. घरात निघाला तर सर्पमित्राला किंवा वनखात्याला फोन करा.

"मग थंडीत एका बिळात ढीगभर साप निघतात ते?" हा प्रश्न हमखास येतो. कॅनडातल्या मॅनिटोबात नार्सिस इथं गार्टर स्नेक हिवाळ्यात हजारोंनी एकत्र राहतात, खरं आहे. पण ती जात वेगळी, थंडीपुरता मुक्काम वेगळा, आणि वसंतात ते सगळे पांगतात. आपल्या पेटीतून पांगायला जागाच नसते.

आधीच एकत्र ठेवले असतील तर आजच वेगळे करा. महाद्वार रोडवर घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा मिळतो. बाजूंना भोकं पाडा, आत दोन आडोसे ठेवा, एक उबेच्या बाजूला आणि एक गार बाजूला. हीट मॅटला थर्मोस्टॅट (ऊब ठरलेल्या अंशावर आपोआप थांबवणारं यंत्र) हवाच, नाहीतर पोट भाजतं. पहिले पाच-सात दिवस हात लावू नका, खायलाही देऊ नका. नंतर नेहमीपेक्षा लहान उंदीर द्या. उलटी झाली तर दोन आठवडे थांबून पुन्हा लहानच. दर आठवड्याला वजन वहीत लिहा. वजन उतरतच राहिलं, तोंडातून फेस आला किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तर सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. जनावरांच्या सगळ्याच डॉक्टरांना सापाचा अनुभव नसतो, म्हणून आधी फोन करून विचारा.

राजारामपुरीतल्या पोरानं त्याच रात्री डबा आणला. त्याच्या जोडीतल्या धाकट्यानं तिसऱ्या आठवड्यात पहिला उंदीर घेतला.